सम्राटची दौंडवर स्वारी

शिरूरहून दौंडला दहा महिन्यांचं पोर न्यायचं, यात अवघड ते काय, असं बन्सी ओव्हाळ रविवारी संध्याकाळी जेवताना म्हणाला. जेवताना बोलू नये असं जुनी माणसं का सांगतात, ते त्याला सोमवारी दुपारी भीमेच्या अलीकडे कळलं.

त्याचं झालं असं. बन्सीच्या बायकोला, गौतमीला, दौंडच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या नोकरीची ऑर्डर आली होती. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर ऑर्डर यादीतल्या पुढच्या बाईला. तीन वर्षं शिकून आणि दोन वर्षं वाट बघून आलेला कागद तो. गौतमीने तो इतक्या वेळा उघडून वाचला होता, की घडीवर फाटायला आला होता. दौंडला माहेर होतं, तिथेच राहायचं. बन्सी रांजणगावच्या कारखान्यात स्टोअरकीपर. कंपनीने त्याला दौंडजवळच्या कुरकुंभच्या प्लँटला बदली कबूल केली होती. सगळं जमलं होतं, अडलं होतं ते दहा महिन्यांच्या सम्राटपाशी. गौतमीची सकाळची ड्यूटी, तिच्या आईची सकाळची अंगणवाडी आणि बन्सीची दुसरी पाळी. म्हणजे रोज सकाळचे चार-पाच तास सम्राट एकट्या बापाच्या ताब्यात. आणि या बापाने दहा महिन्यांत पोराला खेळवलं होतं, उडवलं होतं, शिरूरभर मिरवलं होतं; पण पोर ओलं झालं की 'अगं, ह्याला बघ' म्हणून हात लांब करून परत केलं होतं.

"अवघड काय हाय?" बन्सी म्हणाला.

गौतमीने हातातला घास खाली ठेवला. "मग ऐका. मी सकाळी सहाच्या गाडीनं पुढं जाते. फिटनेसचं सर्टिफिकेट, झेरॉक्सा, सगळं करायचंय. तुम्ही अकराच्या गाडीनं सम्राटला घेऊन या. एकट्यानं. वाटंत कुठल्या बाईच्या हातात द्यायचा न्हाई. कोरडा ठणठणीत आणला, तर मी सही करते."

"आन् न्हाई आणला तर?"

"तर ऑर्डर परत. माझं लेकरू ओल्यात पडलेलं असताना मला दुसऱ्यांची न्हाई सांभाळता येणार."

ती चिडून बोलली असती, तर बन्सीने तोडीस तोड उत्तर दिलं असतं. पण ती शांतपणे बोलली आणि जेवण झाल्यावर तो कागद पुन्हा एकदा उघडून, हाताने सपाट करून, पिशवीत ठेवला. ते बन्सीने पाहिलं. आपल्यामुळे हा कागद परत जायचा नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं.

ठरवलं म्हणजे अगदी कारखान्याच्या पद्धतीने ठरवलं. डायपर हा प्रकार तेव्हा शिरूरला नवा होता. मेडिकलवाला पप्पू पाकीट फोडून सुटे विकायचा.

"एक किती चालतो?" बन्सीने विचारलं.

"चार तास डोळे झाकून."

दौंड अडीच तासांवर. म्हणजे एक पुरे. एक सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीला राखीव, आणि सेफ्टी स्टॉकचा एक सेफ्टी स्टॉक. बन्सीने तीन घेतले.

"ह्याचं पुढं-मागं कसं वळखायचं?"

"पाकिटावर चित्र अस्तंय."

"पाकीट कुठंय?"

"ते फेकलं," पप्पू म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोमवारी सकाळी शेजारच्या साखरबाई आल्या. पोर शिरूरमध्ये होतं तोवर बाईचा हात लागायला अटीची हरकत नव्हती. त्यांनी सम्राटला तेलाने असा चोळला की तो दोनदा हातातून निसटला. मग अंघोळ, मग पुन्हा तेलाचा हात, मग डोक्यापासून टाचेपर्यंत पावडर. शेवटी सहाण समोर ठेवून म्हणाल्या, "गुटीत हिरड्याचे दोन येढे द्या, म्हंजी प्रवासात पोटाची कटकट न्हाई. माझं दूध उतू चाललंय." आणि गेल्या.

दोन वेढे हे रोजच्या घरातल्या दिवसासाठी ठीक, पण आज साठ-सत्तर किलोमीटर जायचं होतं. बन्सीने हिशेबाने आठ वेढे उगाळून दिले. हिरडा पोट बांधतो की मोकळं करतो, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं. लेबल न वाचता माल वापरायची ही त्याची कारकिर्दीतली पहिलीच वेळ होती. सम्राटने गुटी मिटक्या मारत चाटली आणि आणखी मागितली.

निघताना बन्सीने सवयीने शर्टाचा खिसा चाचपला. खिशात स्टिकरचा गुंडाळा होता. कारखान्यात तपासलेल्या मालाला लावायला दोन तऱ्हेचे स्टिकर असत, हिरवा पास झालेल्या मालाला आणि लाल नापास झालेल्या मालाला, दोन्हींवर निकाल इंग्रजीत ठसठशीत छापलेला. हिरवे कारखान्यातच संपत, त्यामुळे घरी येई तो लालच. पण ते चिकटायला इतके पक्के, की घरातल्या गळक्या बादलीवर एक लावला होता तो बादली गंजली तरी निघाला नव्हता.

गाडी अकराची दुपारी एक वाजता लागली. बन्सीने खिडकीची जागा धरली. सम्राट मांडीवर उभा राहून पुढच्या सीटवरच्या म्हातारीचा पदर ओढू लागला. म्हातारीचं नाव नकुशी. वडगाव रासाईची, दौंडला लेकीकडे निघालेली. तिने मागे वळून बघितलं.

"आई कुठंय ह्याची?"

"दौंडला. नोकरीवर हजर व्हायला गेलीय."

"पोर टाकून?"

"टाकून कशाला? मी हाय की."

नकुशीने बन्सीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला हळूच काहीतरी सांगितलं. एसटीत हळूच सांगितलेलं शेवटच्या सीटपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागतात. चौथ्या सीटवर गौतमी नवऱ्याला सोडून गेली होती, आठव्यावर तिने दुसरं लग्न केलं होतं, आणि मागच्या लांब सीटवरच्या एका सद्गृहस्थाने 'आमच्या निमोण्यात एक गरीब घरची पोरगी हाय, पोराला जीव लावंल' असा निरोप उलट पाठवला. बन्सीचा चेहरा लाल झाला. पण तेवढ्यात सम्राट एकदम गप्प झाला, एकाग्र झाला, आणि दूर कुठेतरी बघू लागला. ही नजर बन्सीच्या ओळखीची होती. अशा वेळी तो हात लांब करून 'अगं' म्हणत असे. हात लांब झालाही, पण समोर खिडकीचा गज होता.

"आण हिकडं," नकुशी म्हणाली. "बाप्यांचं काम न्हाई त्ये."

"नको, मावशी."

"आरं आण."

"हात लावू नका!" बन्सी इतक्या जोरात ओरडला, की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मग बन्सीने आवाज खाली आणून सगळी अट सांगितली. ऑर्डर, पाच वाजता, बाईच्या हातात द्यायचं नाही, सगळं. त्याला वाटलं, आता लोक हसतील. बायका हसल्या नाहीत. नकुशी म्हणाली, "माझ्या टायमाला आसं कुणी इचारलं आसतं का बापाला? कर बाबा. मी हात मागं बांधून बसते, पन सांगीन तोंडानं."

आणि खरंच तिने दौंडपर्यंत तोंड बंद केलं नाही.

पहिला बदल चालत्या गाडीत, सीटवर झाला. पुसायचं काम बन्सीने श्वास धरून, डोळे अर्धे मिटून उरकलं. नवा डायपर घातला. पण त्याच्या चिकटपट्ट्या चिकटेनात. तेल आणि त्यावर पावडर. त्या पोराला चिकटायला माशीलासुद्धा जमलं नसतं. पट्टी दाबली की सुटायची, आणि सम्राटला हा खेळ फार आवडला. शेवटी बन्सीने खिशातला गुंडाळा काढला आणि दोन्ही बाजूंनी दोन लाल स्टिकर ठोकले. ते बसले.

आता प्रश्न जुन्या डायपरचा. बन्सीने तो कागदात गुंडाळून हातात धरला. कंडक्टर पोपट शिस्तीचा माणूस होता.

"गाडीत टाकायचं न्हाई."

"खिडकीतनं?"

"खिडकीतनं तर आजिबात न्हाई."

"मग करू काय?"

"सामान म्हणून ठेवा, पन वरच्या फळीवर नको. खाली लोक बसल्यात."

निमोण्याला गाडी थांबली. बन्सी सम्राटला काखेत घेऊन उतरला आणि उकिरडा शोधत चांगला फर्लांगभर फिरून आला. तोवर गाडी पंधरा मिनिटं खोळंबली. पोपटने उशिराचं कारण लिहायला कागद काढला. त्यात पंक्चर बसत होतं, बिघाड बसत होता, फाटकही बसत होतं. हे कशातच बसेना.

"काय लिहू वो?" त्याने बन्सीलाच विचारलं.

"लिव्हा की खरं."

"खरं लिवलं तर डेपोत वाचून दाखवत्यात सगळ्यांफुडं." पोपटने पेन्सिल ओली केली आणि लिहिलं, 'प्रवाशाची तातडीची अडचण.' तेवढ्यात काखेतल्या सम्राटने पुन्हा दूर कुठेतरी बघायला सुरुवात केली. पोपटने अडचणच्या जागी अडचणी असं केलं.

हिरड्याचे आठ वेढे म्हणजे काय, याचा खुलासा आता पुढच्या तासाभरात झाला. दुसरा डायपर निमोणं सुटता सुटता गेला. तिसरा, म्हणजे सेफ्टी स्टॉकचा सेफ्टी स्टॉक, मांडवगण फराट्याच्या स्टँडवर गाडी शिरताना संपला. गंमत अशी की ज्याचं पोट चाललं होतं तो मजेत होता. प्रत्येक खेपेला हलका होऊन अधिकच खुशीत येत होता आणि सगळ्या गाडीला बोळकं दाखवत होता.

"गुटीत काय दिलं व्हतंस?" नकुशीने विचारलं.

"हिरडा."

"किती?"

बन्सीने आकडा सांगितला. नकुशीने कपाळाला हात लावला. "आरं, एवढ्यात बैल साफ व्हईल!"

मांडवगणला गाडीत बापूसाहेब चढले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांना विचारल्याशिवाय बोअरसुद्धा कुणी घेत नाही. दौंडला पुतणीचा साखरपुडा. जीप ऐन वेळी बंद पडली म्हणून लाल डब्यात यावं लागलं होतं, आणि ते कुणी बघू नये अशा बेताने ते चढले होते. बरोबर मानपानाची भलीमोठी पिशवी होती, सोयऱ्यांना द्यायच्या टॉवेल-टोप्यांची. बन्सीशेजारची जागा रिकामी दिसली तिथे ते बसले, आणि मग ती रिकामी का होती हे त्यांना वासावरून समजलं.

बन्सी तेव्हा बरोबरच्या पिशव्या उलट्यापालट्या करत होता. डायपर नव्हता. दुपटी गौतमी सकाळी बरोबर घेऊन गेली होती. सम्राट एका हातात, अधांतरी. दौंड अजून तासावर. बन्सीला एकदम तो घडीवर फाटायला आलेला कागद आठवला. हसण्यावारी नेलेली गोष्ट आपण हसण्यावारीच घालवली, असं त्याला वाटलं.

"काय पायजेल?" बापूसाहेबांनी विचारलं.

"फडकं," बन्सी म्हणाला. "कसलंबी."

नकुशीने अट वगैरे सगळी हकीकत दोन वाक्यांत सांगितली. बापूसाहेबांनी पिशवीत हात घातला आणि एक टॉवेल काढला.

"कोरं कापड?" नकुशी म्हणाली. "टोचंल लेकराला."

"कोरं कुठलं, म्हातारे? हा टॉवेल मीच चार वर्सापूर्वी न्हावऱ्याच्या पाव्हण्यांना दिलता. हे बघा, हळदीचा डाग. पाच लग्नं फिरून माज्याकडंच परत आलाय. कुणी आंग पुसलं न्हाई त्यानं, पन मऊ झालाय मानानंच."

पोपटने घंटी मारली नाही, आपण होऊन पाच मिनिटं दिली. स्टँडवरच्या नळाखाली बन्सीने सम्राटला धुतला. पण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने धुणं आणि तिसऱ्या हाताने टॉवेल गुंडाळणं जमेना.

"बाईच्या हातात द्यायचं न्हाई, आसंच हाय ना?" बापूसाहेब म्हणाले. "मी काय बाई हाय का? द्या हिकडं."

त्यांनी सम्राटला काखेखाली धरून समोर उंच केलं. पाच पोरांचा बाप आणि नऊ नातवंडांचा आजोबा. पण धरण्याची ती तऱ्हा बघून कुणीही सांगितलं असतं की उघडं पोर त्यांच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. सम्राटने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि मग चेअरमनांच्या छातीपासून धोतराच्या निऱ्यांपर्यंत एक सरळ धार सोडली.

बन्सीच्या हातातून साबण पडला.

बापूसाहेबांनी खाली बघितलं, वर बघितलं. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच झाली मला," ते म्हणाले, "आन् एकानंबी आसं भिजवलं न्हाई. कवा जवळच घेतलं न्हाई, तर भिजवत्यात कशाला? घ्या, बांधा लवकर. हात दुखाया लागलं."

टॉवेलला तीन घड्या, खालून वर, कमरेला गाठ. नकुशी हात मागे धरून सूचना देत होती. कारखान्यात खोकं बांधताना मारतात तशी गाठ बन्सीने मारली आणि वर चार लाल स्टिकर लावले. पुढे भीमेच्या पुलापर्यंत बापूसाहेबांच्या पिशवीतून घेऊन आणखी दोनदा टॉवेल बदलला. दुसऱ्या वेळी बन्सीने डोळे मिटले नाहीत, तिसऱ्या वेळी श्वासही धरला नाही. मात्र हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा तो मागच्या सीटवरच्या सद्गृहस्थाला, आपल्याला निमोण्याची मुलगी का नको आहे, ते समजावून सांगत होता.

दौंडला उतरताना बापूसाहेबांनी सम्राटच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. ती त्याच्या हनुवटीपर्यंत आली. नकुशी म्हणाली, "बायकूला म्हनावं, म्या बोट लावलं न्हाई. आन् हिरडा फेकून दे."

सव्वाचारला बन्सी सासूच्या दारात उभा राहिला. शर्टावर डाग, पायाला चिखल, आणि खांद्यावर टोपीवाला सम्राट.

"जय भीम, आई," तो म्हणाला.

"जय भीम," अंजनाबाई म्हणाल्या, पण त्यांची नजर नातवाच्या कमरेवर होती. जावयाला हे जमणार नाही, असं त्या सकाळपासून म्हणत होत्या. दोरीवर जुन्या लुगड्याची धुतलेली दुपटी वाळत घालून त्या तयारच बसल्या होत्या. गौतमी आतून धावत आली. तिच्या हातात रुजू होण्याचा अर्ज होता, सगळा भरलेला, फक्त सहीची जागा मोकळी. तिने सम्राटला घेतलं नाही. आधी हात पुढे करून टॉवेलला खालून लावला.

हात ओला झाला.

"आत्ता झालंय," बन्सी म्हणाला. "रिक्षातनं उतरलो तवा कोरडा व्हता. आईशप्पथ."

"मी म्हणलं व्हतं," अंजनाबाई म्हणाल्या. "बाप्याचं काम न्हाई."

गौतमीने अर्ज खाटेवर ठेवला. तो कागद असा खाली ठेवलेला बघून मात्र बन्सीचा दिवसभराचा बांध फुटला.

"ऐका, आई! तुमाला काय म्हायती, काय झालंय आज? तीन डायपर गेलं!" त्याने सम्राटला सतरंजीवर आडवा घातला. "निमोण्यात मी फर्लांगभर पळलो, लोक माझं दुसरं लगीन लावाया निघालं!" त्याने स्टिकर ओढून गाठ सोडली, ओला टॉवेल काढून बाजूला सारला. "गाडीत वीस बाया व्हत्या, वीस! एकीनंबी हात लावला न्हाई. मी लावू दिला न्हाई!" डाव्या हातात सम्राटचे दोन्ही पाय एकत्र वर, उजव्या हाताने पुढून मागे पुसणं, मांडीच्या वळीत कोरडं करणं. "आन् चेअरमनच्या आंगावर मुतला हा! चेअरमनच्या! त्याची माफी कुणी मागितली? मीच!" दोरीवरचं दुपटं ओढून तीन घड्या, खालून वर, कमरेला गाठ. "आन् तुमी म्हणता, बाप्याचं काम न्हाई! मंग मी दिसभर काय केलं?" त्याने खिशातला गुंडाळा काढला, गाठीवर एक लाल स्टिकर दाबला, सम्राटला उचलून खांद्यावर टाकला आणि दम घेतला.

बन्सीने दोघींकडे पाहिलं. दोघी त्याच्या हातांकडे बघत होत्या.

"काय झालं?" तो म्हणाला.

गौतमीने खाटेवरचा अर्ज उचलला. तो भिंतीला टेकवला आणि सही केली. तिची सही एरवी वळणदार असे, आज ती जरा वाकडी आली, कारण तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. मग ती जवळ आली, सम्राटचा पापा घेतला, आणि आईसमोर असं कधी करत नसे, पण बन्सीच्या डागाळलेल्या शर्टाच्या बाहीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

पाचला वीस मिनिटं कमी होती. दवाखाना हाकेच्या अंतरावर. ती चपला घालू लागली. अंजनाबाई मात्र अजून नातवाच्या कमरेशी वाकल्या होत्या. गाठ ओढून बघितली, ती हलली नाही. दुपट्याची घडी चाचपली, तीही चोख होती. आता चूक काढायला एवढंच उरलं होतं. त्यांनी लाल स्टिकरवर बोट ठेवलं.

"मराठी मला येतं. हे विंग्रजी हाय. काय लिवलंय गं ह्याच्यावर?"

गौतमीने वाचलं. बन्सीकडे बघितलं. तो सम्राटला थोपटत होता आणि नजर चुकवत होता.

"पास लिवलंय, आई," ती म्हणाली, आणि रुजू व्हायला निघाली.